मुलांच्या खेळाचा खर्च: पैसे कोणत्या क्रमाने घालायचे

दर मे महिन्यात ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "मुलाला अकॅडमीत घालतोय. वर्षाची फी एकदम भरली तर दोन महिने फुकट म्हणतायत. भरू ना?" फोन येईपर्यंत बॅट घेऊन झालेली असते, बूट घेऊन झालेले असतात, आणि मुलगा त्या मैदानावर जेमतेम दोनदा गेलेला असतो. जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे अजून कुणी पाहिलेलंही नसतं.

मी पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळे हिशेबाची खोड आहे. तरी मोठ्या मुलाच्या क्रिकेटच्या वेळी सगळं उलट्या क्रमानेच केलं. धाकटीच्या बॅडमिंटनच्या वेळी वही घातली. पैसे दोन्हीकडे लागलेच, पण दुसऱ्यांदा वाया फार कमी गेले. खाली तोच क्रम दिला आहे. आकडे माझ्या वहीतले, नाशिकचे. तुमच्या गावचे वेगळे असतील, रकाने मात्र हेच राहतील.

१. फी विचारण्याआधी वर्षाचा अंदाज मांडा

पालक महिन्याच्या फीला बारांनी गुणतात आणि "परवडेल" म्हणतात. पहिली चूक इथेच होते. धाकटीच्या पहिल्या पूर्ण वर्षाचा हिशेब असा होता:

अकॅडमीची फी, ३,००० प्रमाणे बारा महिने: ३६,०००
प्रवेश शुल्क: २,०००
बूट, दोन जोड (सात महिन्यांत पाय वाढला): ४,४००
रॅकेट, दोन: ४,३००
गटिंग (रॅकेटला तार बसवणं), पाच वेळा: २,२५०
ग्रिप: १,२००
शटलची वर्गणी: ५,०००
पेट्रोल: १४,०००
चार स्पर्धा: २१,५००
वरचं दूध, अंडी, केळी: १२,०००
फिजिओ: ३,०००
एकूण: १,०५,६५०

फी ३६,०००, म्हणजे एकूण खर्चाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. ज्या आकड्यावर आपण घासाघीस करतो तो एवढाच. बाकीचे दोन हिस्से हळूहळू, सुट्या पैशांत जातात, म्हणून दिसत नाहीत.

पेट्रोलची ओळ बघून आमच्याकडे वाद झाला होता. हॉल घरापासून सात किलोमीटर. सोडून घरी यायचं आणि पुन्हा आणायला जायचं, म्हणजे चार फेऱ्या, अठ्ठावीस किलोमीटर. स्कूटर ४५ चं अॅव्हरेज देते, पेट्रोल तेव्हा १०४ रुपये होतं. रोजचे पासष्ट रुपये झाले. महिन्याचे बावीस दिवस, वर्षाचे दहा महिने धरा. नंतर आम्ही तिथेच थांबायला लागलो, फेऱ्या निम्म्या झाल्या. एका हॉलबाहेर भाजी निवडून होते, हे मला तेव्हा कळलं.

खेळ बदलला की वजन दुसऱ्या रकान्यात जातं. कबड्डी-खोखोत साहित्य जवळजवळ नाहीच, खर्च प्रवासाचा. कुस्तीत तालमीची फी नावाला, पण खुराक बघा: दूध, तूप, बदाम, अंडी. कोल्हापूरकडचा पालक फी विचारतच नाही, तो रतीब मोजतो. पोहण्यात महापालिकेचा तलाव जवळ असेल तर वर्ष स्वस्तात निघतं. स्केटिंगमध्ये साहित्यच डोंगराएवढं, आणि पाय वाढला की पुन्हा पहिल्यापासून. नेमबाजीत तर प्रत्येक गोळीचे पैसे.

तपासा: हा आकडा घरातल्या दोघांनी, आणि आजी-आजोबांच्या पेन्शनमधून काही जाणार असेल तर त्यांनीही, एकत्र बसून पाहिला का? दुसऱ्या मुलाच्या वाट्याचं काय, याचं उत्तर आत्ताच ठरवा. नंतर ते भांडणात ठरतं.

२. जागा पाहायला दोनदा जा, एकदा न सांगता

ट्रायल सगळेच देतात. ट्रायलच्या दिवशी मुख्य कोच स्वतः येतात, नाव विचारतात, पाठ थोपटतात. त्यामुळे एक फेरी न सांगता, आठवड्यातल्या साध्या दिवशी, तुमच्या मुलाची जी बॅच असेल त्याच वेळी मारा. बाकावर बसा आणि मोजा.

बॅडमिंटनमध्ये एका कोर्टवर किती मुलं आहेत? आठ मुलं एका कोर्टवर असतील तर तासाभरात तुमच्या मुलाच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं येणार, बाकी वेळ रांग. क्रिकेटमध्ये एका नेटला किती बॅट्समन, आणि प्रत्येकाला किती चेंडू? मी आमच्या मुलाचे चेंडू मोजले होते, पण पैसे भरल्यानंतर. दोन तासांत एकोणीस.

शिकवतं कोण तेही बघा. बोर्डावर ज्यांचा फोटो आहे ते आठवड्यातून किती दिवस मैदानावर असतात, हे तिथे बसलेल्या जुन्या पालकांना विचारा. चहाच्या टपरीवर जी माहिती मिळते ती ऑफिसातल्या माहितीपत्रकात नसते.

मुलींसाठी आणखी दोन गोष्टी: कपडे बदलायला कडी लागणारी खोली, आणि स्वच्छ स्वच्छतागृह. हे नसेल तर मुलगी पाणी कमी प्यायला लागते. मग सहा महिन्यांत "पोट दुखतं" सुरू होतं आणि आपण डॉक्टर शोधत बसतो.

३. फी: पहिले तीन महिने महिन्याच्या महिन्याला

आता पैशाकडे या, आणि इथे थोडं घट्ट राहा.

आमच्या मुलाच्या वेळी वर्षाची फी एकदम भरली. महिन्याला ३,०००, एकदम भरली तर ३०,०००. सहा हजार वाचले म्हणून मीच खूश होते. भरले जूनमध्ये. पुढचे तीन महिने पाऊस. मैदान चिखलात, पिच झाकलेलं, "आज फक्त फिटनेस" असा मेसेज. जून ते ऑगस्ट मुलगा प्रत्यक्ष ग्राउंडवर किती दिवस उतरला? अकरा. सप्टेंबरात म्हणाला, मला नाही जायचं. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागचं वाक्य दाखवलं: भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.

आपल्याकडच्या उघड्या मैदानावरच्या खेळांना वर्ष बारा महिन्यांचं नसतंच. पावसाळा, दिवाळीची सुट्टी, फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षा वजा केल्या तर सात-आठ महिने हातात राहतात. म्हणजे "दोन महिने फुकट" म्हणून सांगतात ते महिने बहुतेकदा पावसातच गेलेले असतात. मैदानी खेळ असेल तर ऑक्टोबरमध्ये सुरू करा. जूनमध्ये तशीही शाळेची फी, वह्या, दप्तर, रेनकोट सगळं एकदम येतं. त्याच महिन्यात आणखी एक मोठा चेक कशाला?

पैसे देण्याआधी हे प्रश्न विचारा, आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या:

- सांगितलेली फी जीएसटीसह आहे का? नोंदणी असलेल्या खाजगी अकॅडमीच्या फीवर १८ टक्के लागतात. ३,००० चे ३,५४० होतात, आणि हे पहिल्या बिलातच कळतं.
- शटल, बॉल, मशीन यांचे पैसे फीमध्ये आहेत की वर्गणी वेगळी?
- मूल आजारी पडलं, हाड मोडलं, तर महिने पुढे ढकलता येतात का?
- बॅच बदलली की फी बदलते का? "अॅडव्हान्स बॅचला घेतोय" हे वाक्य ऐकून आपण फुलून जातो, पण त्याच वाक्यात फी दुप्पट झालेली असते.
- मध्येच सोडलं तर किती परत?

पावती प्रत्येक वेळी घ्या. रोख दिली आणि वहीत टिकमार्क झाला, याला पावती म्हणत नाहीत. कबूल केलेलं पाळलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण हातात कागद नसेल तर तिथेही काय सांगणार?

सावधान: अकॅडमीच्या फीची पावती आयकराच्या ८०सी सवलतीत लावू नका. ती सवलत शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या ट्यूशन फीला आहे, खेळाच्या क्लासला नाही. माझ्याकडे दरवर्षी दोघं-तिघं ही पावती घेऊन येतात.

४. किट: तीन महिन्यांनी, आणि आजच्या मापाचं

पहिले तीन महिने फक्त बूट घ्या. बुटात काटकसर नको, बाकी सगळ्यात करा. बॅडमिंटनला नॉन-मार्किंग, म्हणजे कोर्टवर डाग न पाडणारा सोल हवाच. रोजचे रनिंग शूज घालून मूल कोर्टवर आडवं पळलं की घोटा मुरगळतो. रॅकेट अकॅडमीतली चालते, नाहीतर कुणाची तरी जुनी मिळते.

आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायची सवय आहे. बॅट तशी घेऊ नका. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्याची बॅट दिली की ती उचलताना त्याचा खालचा हात जास्त जोर लावतो, बॅट आडवी येते. मग कोच दोन वर्षं तेच सुधारत बसतात. साइज ४, ५, ६, हॅरो असे टप्पे असतात. मूल दुकानात बरोबर न्या, बॅट हातात धरून उभं करा. वाढदिवसाला सरप्राइज म्हणून मामाने आणलेली बॅट आमच्याकडे अजून कपाटावर आहे.

बॅटचं लाकूड इंग्लिश विलो की काश्मीर विलो, हा प्रश्न पहिल्या वर्षी येऊच देऊ नका. काश्मीर विलो पुरते. इंग्लिश विलोला किंमत कैक पट, वर ती नीट नॉकिंग करून, म्हणजे हातोडीने हळूहळू ठोकून, तेल लावून तयार करावी लागते. शिकाऊ मुलगा कडेला चेंडू घेतो आणि बॅटची कड उडते. पॅड, थायपॅड, ग्लोव्हज हे मोठ्या मुलांकडून जुने घेता येतात. हेल्मेट मात्र नवं आणि डोक्याच्या मापाचंच घ्या. जुन्या हेल्मेटने आधी किती मार खाल्लाय ते बाहेरून दिसत नाही.

बॅडमिंटनमध्ये शटलचा खर्च खरा. नवशिक्याला नायलॉनचं शटल पुरतं, ते टिकतं. पिसांचं शटल नीट न मारणाऱ्या मुलाच्या हातात चार-पाच रॅलीत केरात जातं. "आमच्याकडे पहिल्या दिवसापासून फेदर" असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर त्याचे पैसे कुणाच्या खिशातून जातात ते विचारा. गटिंगचंही तसंच. मोठ्या खेळाडूंचं बघून मुलं तार करकरीत ताणून मागतात. ताण जितका जास्त तितकी तार लवकर तुटते आणि कोवळ्या कोपराला झटका बसतो. किती पाउंड ठेवायचं ते कोचना विचारा, मुलाला नको, आणि दुकानदारालाही नको.

२२ सप्टेंबर २०२५ पासून खेळाच्या साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल मागा आणि त्यावर किती टक्के लावलेत ते वाचा.

तपासा: अकॅडमी एका ठरावीक दुकानातूनच किट घ्यायला सांगते का? तीच वस्तू आणखी दोन ठिकाणी विचारून बघा. फरक बघितला की बाकीचं आपोआप कळतं.

५. कागदपत्रं: पहिली स्पर्धा यायच्या आत

या टप्प्याला पैसे सर्वांत कमी लागतात आणि नुकसान सर्वांत जास्त होतं. स्पर्धेची शेवटची तारीख उद्या असते आणि जन्मदाखल्यावर "श्रीया", आधारवर "श्रिया", शाळेच्या दाखल्यावर आडनावच आधी. मग धावपळ, दलाल, आणि एक रजा.

एका फाइलमध्ये हे ठेवा: महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आधार, फोटोसह शाळेचं बोनाफाइड, मागच्या इयत्तांचे निकाल, पासपोर्ट साइजचे दहा फोटो. सगळ्यांवर नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच हवी. जन्माची नोंद उशिरा, म्हणजे काही वर्षांनी झालेली असेल तर आत्ताच संघटनेला विचारून घ्या. वयचोरीमुळे उशिरा नोंदवलेल्या दाखल्यांकडे सगळेच संशयाने बघतात, आणि खरा दाखला असलेलं मूलही त्यात अडकतं.

वय कोणत्या तारखेला मोजतात ते खेळागणिक बदलतं. बॅडमिंटनमध्ये १ जानेवारी, बीसीसीआयच्या वयोगटांत १ सप्टेंबर. ऑगस्टात जन्मलेल्या आणि सप्टेंबरात जन्मलेल्या दोन मित्रांना क्रिकेटमध्ये पूर्ण एका वर्षाचा फरक पडतो. १६ वर्षांखालील मुलांच्या क्रिकेटमध्ये मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. "आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय" तिथे चालत नाही.

शाळेच्या स्पर्धा विसरू नका. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत त्या होतात. खाजगी स्पर्धांच्या मानाने खर्च नगण्य. पण नाव शाळेने नोंदवावं लागतं. जूनच्या शेवटी पीटीच्या सरांना भेटा, जुलैत पुन्हा भेटा. अकॅडमीत हजारो रुपये भरणाऱ्या पालकांची मुलं शाळेच्या स्पर्धेला मुकलेली मी पाहिली आहेत, कारण सरांना मूल खेळतं हेच माहीत नव्हतं.

प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. पुढे दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी किंवा नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी पडताळणी होते, तेव्हा मूळ कागद, सही, शिक्का बघतात. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, बस.

६. स्पर्धा: वर्षाच्या सुरुवातीला मोजून ठरवा

खरी गळती इथे आहे, म्हणून थोडं थांबते.

धाकटीची पहिली बाहेरगावची स्पर्धा नागपूरला होती. विदर्भ एक्सप्रेसने दोघींचं स्लीपरचं जाणं-येणं १,६००. लॉजने तीन रात्रींचे पैसे आधी घेतले, ३,६००. जेवण-नाश्ता १,५००, रिक्षा ७००, प्रवेश फी ८००. एकूण ८,२००. पहिलाच सामना, समोर मानांकित मुलगी. २१-११, २१-८. चोवीस मिनिटं. पुढचे दोन दिवस आम्ही दीक्षाभूमी पाहिली, संत्रा बर्फी घेतली आणि परतीच्या तिकिटाची वाट बघितली. मुलीला वाईट वाटू नये म्हणून मी हसत होते, आणि मनात मिनिटाचे तीनशे चाळीस रुपये असा भागाकार चालला होता.

बाद पद्धतीच्या स्पर्धेत निम्मी मुलं पहिल्याच सामन्यात घरी जातात, हे गणित आहे. त्यात आपलं मूल असणार नाही असं धरून बुकिंग केलं की असं होतं. आता आम्ही असं करतो:

पहिलं वर्ष जिल्ह्यातच. पहाटे निघून रात्री परत येता येईल एवढंच अंतर. जिल्ह्याच्या स्पर्धेत सातत्याने दोन-तीन फेऱ्या पार होईपर्यंत बाहेर जायचं नाही. हा नियम कठोर वाटतो, पण मुलालाही जिंकायची सवय लागायला हवी.

जानेवारीत बसून वर्षाच्या चार किंवा पाच स्पर्धा निवडायच्या. मध्येच "सगळे चाललेत" म्हणून सहावी आली तर ठरलेल्यातली एक काढायची.

एकाच अकॅडमीतल्या दोन-तीन घरांनी मिळून जायचं. एक पालक तीन मुलांना नेतो, पुढच्या वेळी दुसरा. लॉजची एक खोली, एक रिक्षा. मुलींच्या बाबतीत कोण जाणार ते आईनेच ठरवावं, संकोच नको.

लॉजला एका रात्रीचेच पैसे, "जिंकलो तर वाढवू" असं आधी बोलून. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा जातानाचं तिकीट लगेच काढायचं. परतीचं दोन तारखांचं काढून एक रद्द करणंसुद्धा दोन रात्रींच्या लॉजपेक्षा स्वस्त पडतं. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं लागतं, अर्ध्या तिकिटात बर्थ नाही. हे स्टेशनवर कळलं की रात्रभर एका बर्थवर दोघं.

प्रवेशाची शेवटची तारीख चुकली तर कुणाच्या ओळखीने काही होत नाही. आणि ड्रॉ, म्हणजे सामन्यांच्या जोड्या, लागल्यावर नाव मागे घेतलं तर फी गेली समजा.

सावधान: स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवे बूट, नवी रॅकेट, हॉटेलातलं पनीर. तिन्ही नको.

७. "राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड": पैसे भरण्याआधी थांबा

एक दिवस मेसेज येतो: तुमच्या मुलाची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली आहे, गोव्याला किंवा दिल्लीला, प्रवास-निवास-टीशर्टसह इतके हजार भरा. मूल जिल्हाही खेळलेलं नसतं. घरात पेढे येतात.

आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने असे पैसे भरले. चार राज्यांची मिळून सतरा मुलं होती. सगळ्यांना पदक. प्रमाणपत्रावर सोनेरी अक्षरात "नॅशनल". दहावीला ते घेऊन गेले तेव्हा त्याचा एकही गुण मिळाला नाही, कारण संघटनेला मान्यताच नव्हती.

भरण्याआधी तीन गोष्टी बघा. ज्या महासंघाचं नाव आहे तो केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त राष्ट्रीय महासंघांच्या यादीत आहे का? यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. नावात एखादाच शब्द इकडेतिकडे असतो, तेव्हा अक्षर न् अक्षर वाचा. दुसरं, निवड कोणत्या चाचणीतून झाली, ती चाचणी कधी झाली आणि तुमचं मूल त्यात होतं का? तिसरं, पैसे कुणाच्या नावावर मागितलेत? एखाद्याच्या वैयक्तिक मोबाइल नंबरवर जीपे करायला सांगितलं तर तिथेच थांबा. शंका असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात कागद घेऊन जा. "या प्रमाणपत्राला दहावीचे क्रीडा गुण मिळतील का?" एवढा एकच प्रश्न पुरतो.

कराटे, स्केटिंग असे ज्या खेळांत वेगवेगळ्या नावांच्या संघटना बऱ्याच असतात, तिथे हे जास्त सांभाळा.

८. मदत कुठे मिळते, आणि कुठली बजेटमध्ये धरायची नाही

राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी निवासी आहेत. राहणं, जेवण, प्रशिक्षण सरकारचं. धावणं, उडी, मेडिसिन बॉल फेक अशा शारीरिक चाचण्यांतून लहान वयातच निवड होते, म्हणून उशिरा जाग येऊन उपयोग नसतो. जाहिरात कधी येते ते जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारत राहा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे क्रीडा प्रबोधिनीतूनच आला. नेमबाजीसारखा महागडा खेळ शिक्षकाच्या घरातला मुलगा खेळू शकला, त्यात या वाटेचा मोठा हात आहे. मूल घरापासून लांब राहील का, हा प्रश्न मात्र त्याच्याशी बसून बोलायचा आहे.

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेची शिष्यवृत्ती वर्षाला ६.२८ लाख, असं वाचून बरेचजण हिशेब मांडतात. ते सगळे हातात येत नाहीत. खेळाडूला खर्चासाठी महिन्याला १०,००० मिळतात, बाकी प्रशिक्षण, निवास, साहित्य वगैरेंवर जातात. आणि ती राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्या, निवडल्या गेलेल्या मुलांना. नवशिक्याच्या बजेटमध्ये हा आकडा शून्य धरा.

काही महापालिका आपल्या हद्दीतल्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात, तलाव आणि हॉल स्वस्तात देतात. ज्या कंपनीत किंवा बँकेत तुम्ही आहात तिथे कर्मचारी कल्याण निधी असतो, तो क्वचितच कुणी मागतो. अकॅडमीतही विचारा. चांगले कोच एक-दोन मुलांची फी गुपचूप माफ करतात, पण मागणाऱ्याचीच. विचारताना लाजू नका, आणि मिळाली तर चारचौघांत सांगू नका.

वैयक्तिक कर्ज काढून स्पर्धा खेळवणं, हे मात्र पतसंस्थेच्या टेबलामागून मी इतकं पाहिलंय की स्पष्टच सांगते: नको. हप्ता सुरू झाला की हरलेल्या सामन्यानंतर घरातला सूर बदलतो, आणि ते मुलाला बरोबर कळतं.

९. दर सहा महिन्यांनी वही उघडा

ऑक्टोबर आणि एप्रिल, दोनदा. अंदाज एका बाजूला, झालेला खर्च दुसऱ्या बाजूला. कुठला रकाना फुगला? आमच्याकडे दुसऱ्या वर्षी फिजिओचा फुगला. आठवड्यात सहा दिवस खेळून गुडघा दुखत होता. एक दिवस कमी केला, फी तीच राहिली, फिजिओचं बिल थांबलं. फिजिओच्या बैठका, क्रेप बँडेज, गोळ्या हे साध्या मेडिक्लेममध्ये बसत नाही, ते खिशातूनच धरा.

मुलाला एकदा एकटं गाठून विचारा, गाडीवर किंवा जेवताना: उद्या क्लास बंद असला तर बरं वाटेल का? उत्तरापेक्षा ते किती पटकन येतं तिकडे लक्ष द्या. लगेच "हो" आलं तर एक महिना सुट्टी द्या आणि मग ठरवा. "एवढे पैसे घातलेत" हे कारण सांगून पाठवू नका. घातलेले पैसे तसेही परत येत नाहीत, पुढच्या महिन्याचे तरी वाचतील.

सोडायचं ठरलं तर महिना संपायच्या आत लेखी कळवा, अनामत मागून घ्या, लॉकरची किल्ली परत करा आणि संघटनेचं ओळखपत्र जपून ठेवा. दोन वर्षांनी मूल पुन्हा खेळायला लागलं तर नव्याने नोंदणी नको. किट लगेच विका किंवा द्या. रॅकेटची तार तुटलेली असेल तर उरलेलीही लगेच कापून ठेवा, ताण एकाच बाजूला राहिला तर फ्रेम वाकते. बूट मात्र विकले जात नाहीत. आमच्या हॉलच्या वॉचमनकाकांकडे एक खोकं आहे, पाय वाढलेली मुलं बूट त्यात टाकतात आणि नवी मुलं त्यातून मापाचे शोधतात. धाकटीचा तिसरा जोड त्यातलाच आहे.